ओळखीचं माणूस दिसलं तर

रविवारी पानात भात पडायच्या आधीच भांडण सुरू झालं, तेव्हा सुमतीबाईंना कळून चुकलं, की आज त्यांच्या आंबेडाळीची तारीफ कुणीही करणार नाही.

"कामोठं म्हणजे काय अमेरिका आहे का?" निशा नवऱ्याला म्हणाली.

"अमेरिकेला मी रेवाला आत्ता पाठवतो," इंद्रजीत म्हणाला. "विमानात बसवलं की माणूस थेट अमेरिकेतच उतरतो. बस मध्ये मध्ये थांबते. तिला कुठे उतरावंसं वाटेल काय सांगावं?"

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती रेवा शेजारीच बसून पोळीची घडी घालत होती. पोळी चौघडी करून, तिचे कोपरे जुळवूनच खायची, अशी तिची बत्तीस वर्षांची रीत. जन्मापासून डाउन सिंड्रोम. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, की फारशी अपेक्षा ठेवू नका. अपेक्षा ठेवू नका म्हटल्यावर सुमतीबाईंमधल्या प्राथमिक शिक्षिकेचं डोकं फिरलं होतं, आणि ते अजून ठिकाणावर आलेलं नव्हतं.

त्या फिरलेल्या डोक्यातूनच 'हातभार' हे केंद्र निघालं. त्यांच्या नवऱ्याने, चारुदत्तांनी, पुढेमागे गाडी घेऊ या आशेवर घराखाली गॅरेज बांधलं होतं. तिथे चार तरुण मुलं बसून फुलवाती वळायला लागली, आणि गाडीचा विषय कायमचा संपला. फुलवातींवरून औषधांच्या दुकानांच्या कागदी पिशव्या आल्या, मग शिलाई मशीन आली, मग मुलं इतकी झाली की खालचा मजला पुरेना. आधी चारुदत्तांची बैठकीची खोली गेली, मग अभ्यासिका, मग अभ्यासिकेतलं टेबल गॅलरीत आलं. केंद्र वाढत गेलं तसतसे चारुदत्त आकसत गेले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आता गॅलरीत बसून पेपर वाचायचा आणि वाळत घातलेल्या साड्यांआडून पाहुण्यांशी बोलायचा.

आणि आता कामोठ्यात दुसरं केंद्र. तिथल्या सेक्टरांमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांतली मुलं, जुन्या गावातली मुलं, रोज पनवेलला कुठवर येणार? एका शिकवणीवर्गाच्या वरचा हॉल मिळाला. उद्या सोमवारी अकरा वाजता नारळ फुटायचा होता. आणि पिशव्यांचं काम शिकवायला तिथे जायची होती रेवा. शिकायला नव्हे, शिकवायला. तिने स्वतःच्या नावाचा बिल्ला करून घेतला होता: 'रेवाताई'. घरात ती सगळ्यांत धाकटी. ताई म्हणणारं कुणी तिला आजवर लाभलं नव्हतं. गेला आठवडाभर तो बिल्ला गाऊनवरही लावून ती झोपत होती.

"मी एकटी जाणार," रेवा म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे. मी कुलूप उघडणार."

"बघ ना, किल्लीही हिच्याकडे!" इंद्रजीतने आईकडे पाहिलं. "ही हरवली तर नारळ जिन्यात फोडायचा?"

"ती हरवणार नाही. तिला पायऱ्या पाठ आहेत," सुमतीबाई म्हणाल्या.

पायऱ्या म्हणजे चित्रं. 'हातभार'मध्ये कुठलंही काम बारीक बारीक पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरीचं चित्र काढायचं आणि ती चित्रं एका कडीत ओवून मुलाच्या कमरेला लावायची, अशी पद्धत होती. रेवाच्या कडीत कामोठ्याचा प्रवास होता. घर, एसटी स्टँड, बसची पाटी, तिकीट, उतरायचा थांबा, जिना, कुलूप. शेवटी घड्याळात अकरा आणि नारळ. चित्रं सुमतीबाईंनीच काढली होती. त्यांची बस पावाच्या लादीसारखी दिसायची, पण रेवाला ती बरोबर कळायची.

मधे एक चित्र नंतर घातलेलं होतं. सरावाच्या दिवसांत रेवा घरून निघाली आणि स्टँडवर पोचलीच नाही. सगळं गाव पालथं घातल्यावर ती भजनी मंडळातल्या एका मावशींकडे पोहे खाताना सापडली. मावशी रस्त्यात भेटल्या, चल म्हणाल्या, ही गेली. पनवेलमध्ये ओळखीचं माणूस भेटणार नाही असा रस्ता कुठून आणायचा? म्हणून सुमतीबाईंनी चित्र काढलं: हात जोडलेला एक माणूस आणि पुढे जाणारा बाण. ते त्यांनी रेवाकडून घोटून घेतलं होतं.

"ओळखीचं माणूस दिसलं तर?" त्यांनी आत्ताही विचारलं.

"नमस्कार. पुढे," रेवा पोळीवरून नजर न काढता म्हणाली.

"चल म्हणालं तर?"

"नमस्कार. पुढे."

"रडायला लागलं तर?" चारुदत्तांनी हळूच विचारलं.

"अहो!" सुमतीबाई म्हणाल्या.

"नाही, शक्यता म्हणून विचारलं."

आतापर्यंत चारुदत्त मुलाच्या बाजूने होते. पण कामोठ्याचं केंद्र नीट चाललं तर पनवेलची गर्दी कमी होईल आणि अभ्यासिका परत मिळेल, हे निशाने त्यांना आमटी वाढता वाढता सांगितलं, आणि ते सुनेच्या बाजूला आले. तीन विरुद्ध एक झाल्यावर इंद्रजीतने शेवटची अट घातली.

"ठीक आहे. उद्या एकटी जाऊ दे. पण उद्या काही गडबड झाली, चुकली, कुणाला शोधायला जावं लागलं, तर कामोठं बंद. ती इथेच गॅरेजमध्ये काम करेल. कबूल?"

रेवाने हातातली पोळी खाली ठेवली. बिल्ल्यावरून एकदा बोट फिरवलं. "कबूल."

"आणि कुणीही तिच्या मागे जायचं नाही," निशा म्हणाली. "अन्नावर हात ठेवून सांगा सगळ्यांनी."

अन्नाची शपथ या घरात सुमतीबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेली. सगळ्यांनी पानावर हात ठेवला. सुमतीबाईंनी तर डोळेही मिटले. इतकी वर्षं त्या पालकांना हेच सांगत आल्या होत्या. गॅरेजच्या दारात त्यांनी पांढरी रेघ मारून घेतली होती. तिच्या आत पालकांना प्रवेश नाही. बाहेर जांभळाखाली बाक. आयांनी तिथे बसायचं, आत डोकवायचं नाही, मुलाच्या मागे मागे फिरायचं नाही. त्या बाकावर किती आयांनी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

सोमवारी सकाळी रेवा बिल्ला लावून, किल्ली गळ्यात घालून निघाली. निशा त्याआधीच रांगोळी काढायला म्हणून कामोठ्याला गेली होती. इंद्रजीत ऑफिसात एक सही करून परस्पर येतो म्हणाला. चारुदत्तांना अचानक दाढीचं ब्लेड आणायची निकड लागली. घर रिकामं झाल्यावर सुमतीबाई देवापुढे क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी निशाचा काळा गॉगल उचलला.

स्टँडवर उसाच्या रसाचं एक दुकान आहे आणि त्याच्या मागे गणपतीची छोटी घुमटी. रसवाल्याने टांगलेल्या उसाच्या मोळ्यांआड माणूस चांगला झाकतो. हे सुमतीबाईंना पक्कं माहीत होतं, कारण फार वर्षांपूर्वी याच मोळ्यांआडून त्यांनी एका आईला बाहेर ओढून काढलं होतं. ती आई मुलाच्या मागे आली होती. भर स्टँडवर सुमतीबाईंनी तिला जे ऐकवलं होतं ते आठवून आत्ता त्यांचे कान तापले. पण पाय हलले नाहीत.

गॉगल मात्र घोटाळ्याचा निघाला. तो लावायला नेहमीचा चष्मा काढावा लागला, आणि तो काढल्यावर स्टँड म्हणजे दुधात भिजवलेलं चित्र झालं. रेवाचा पिवळा ड्रेस तेवढा कळत होता. दोन बस शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि पिवळा ठिपका त्यांच्या मधे उभा होता.

"जरा सरका," शेजारून आवाज आला.

सुमतीबाई सरकल्या. मग थबकल्या. एप्रिलच्या उन्हात माकडटोपी घालून, पेपर नाकाला लावून एक म्हातारा उभा होता. पेपर उलटा होता.

"अहो!"

पेपर खाली आला. "तू? तू शपथ घेतली होतीस!"

"आणि तुम्ही?"

"माझ्या पानात तेव्हा भात नव्हता," चारुदत्त ताठ मानेने म्हणाले. "मी नुसत्या ताटावर हात ठेवला. तू तर डाळीवर ठेवलास. मी पाहिलं."

"ब्लेड मिळालं का?"

"विषय बदलू नकोस."

तेवढ्यात पिवळ्या ठिपक्याने त्यांच्या दिशेला तोंड करून हात जोडले. दोघंही उसामागे खाली बसले.

"आपल्याला पाहिलं तिने!"

"छे. मागे गणपती आहे ना," सुमतीबाई कुजबुजल्या. "देवाला नमस्कार करून निघतेय पोर."

रेवाने पुन्हा हात जोडले. मग अजून एकदा. मग चौथ्यांदाही.

"संस्कार," चारुदत्त भारावून म्हणाले. "नाहीतर आजकाल घुमटीला कोण विचारतं."

"मला वाटलंच होतं!" आता हा तिसरा आवाज. हेल्मेट घातलेला, काच खाली ओढलेला, अंगात रेनकोट असलेला एक माणूस घुमटीच्या पायरीवरून उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. "तुम्ही दोघं हे करणार, मला माहीत होतं. म्हणून मी लक्ष ठेवायला आलो."

"कुणावर?" सुमतीबाईंनी विचारलं.

"तुमच्यावर," इंद्रजीत म्हणाला. "रेवावर नाही. शपथ रेवाच्या मागे जायची नव्हती. तुमच्या मागे यायला मनाई नव्हती."

"रेनकोट कशाला?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

"अरे, सबंध स्टँड तुझ्याकडे बघतंय!"

आणि खरोखरच बघत होतं. रिकामी पाटी काखेत धरून एक बाई अगदी समोर उभी राहून बघत होती. सुमतीबाईंनी गॉगल किंचित वर केला. ठमाबाई. कामोठ्याच्या जुन्या गावातली कोळीण. पहाटे मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकणारी. 'हातभार'मधल्या कुंदनची आई. याच उसाच्या मोळ्यांआडून बाहेर काढलेली.

"काय वो बाई," ठमाबाई म्हणाली, "रस पियाला आलाव का?"

"हो. म्हणजे... ऊन फार आहे ना."

"आन सायेब माकडटोपी घालून? थंडी हाय?" ठमाबाईने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. आता तिला कसलीच घाई नव्हती. "कुंदन पयला एकला बशीत बसला तवा मी हितंच हुबी व्हते. तुमी माझा हात धरलाव. काय बोललाव, ध्यानात हाय? आमी नाय इसरलो. 'ठमाबाई, मागं उभी राहशील तर पोर पुढं बघणार नाही.'"

"ठमाबाई, हळू."

"तवा तुमी कुठं हळू बोललाव? कंडक्टर पन आयकत व्हता."

"आमची परिस्थिती वेगळी आहे," चारुदत्त मधे पडले.

"व्हय तर. माझ्याकडं टोपी नव्हती."

या उलटतपासणीत किती वेळ गेला कुणास ठाऊक. इंद्रजीतने मान वळवली तेव्हा दोन बसपैकी एकच उरली होती, आणि तीही फाटकातून बाहेर पडत होती. पिवळा ठिपका कुठेच नव्हता.

"ती गेली! ती बघ बस!"

"आवो सायेब, ती बस..." ठमाबाई म्हणाली. पण तोवर एक काळा गॉगल, एक माकडटोपी आणि एक हेल्मेट रिक्षात कोंबले गेले होते.

"त्या बसच्या मागे घ्या!" इंद्रजीत ओरडला.

"कोण पळालंय?" रिक्षावाल्याने आनंदाने विचारलं. "पोरगी का?"

"हो. म्हणजे नाही. मुलगी आहे, पण पळालेली नाही. कामाला चाललीय."

"मग पाठलाग का?"

इंद्रजीतने नुसतं पुढच्या बसकडे बोट दाखवलं.

बस पुढे, रिक्षा मागे. चारुदत्त टोपी काढायला तयार नव्हते. इंद्रजीतच्या रेनकोटातून घामाची धार लागली होती. सुमतीबाई सारख्या म्हणत होत्या, की हा रस्ता ओळखीचा वाटतो पण कामोठ्याचा वाटत नाही. इंद्रजीत म्हणत होता, की तू तो गॉगल काढ म्हणजे वाटेल. शेवटी त्यांनी गॉगल काढून पर्समधला चष्मा लावला, आणि समोर पळस्पे फाटा लख्ख दिसला. गोव्याचा रस्ता इकडे, पुण्याचा तिकडे. कामोठं या दोन्हीकडे नव्हतं. ते पाठीमागे होतं.

बस थांबली तसे तिघंही चढले. मधल्या वाटेने टोकापर्यंत गेले, टोकाहून परत आले. पेणला निघालेले लोक त्यांच्याकडे बघत राहिले. पिवळा ड्रेस होता, पण तो एका आजींच्या मांडीवरच्या बाळाचा.

खाली उतरल्यावर मात्र कुणी भांडलं नाही. बंदराकडे निघालेले कंटेनर एकामागून एक धडधडत जात होते. त्या धुळीत सुमतीबाई रस्त्याकडेला दगडावर बसल्या. चुकीच्या बसमध्ये आपण चढलो की ती? दोन बसच्या मधे तर उभी होती. पाटी वाचायला शिकवलं, पण कुणी धक्का दिला असेल तर? तिकडे नसेल आणि इथेही नसेल तर? उसाआडून बाहेर काढलं तेव्हा ठमाबाईचे हात कसे थंडगार होते, हे त्यांना आत्ता आठवलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ते मासळीच्या बर्फामुळे.

"माझंच चुकलं," इंद्रजीत पुटपुटला. "ती अट घालायला नको होती मी. सापडली ना, की सांगतो तिला, रोज जा बाई. हवं तिथे जा."

"इंद्रा," चारुदत्त म्हणाले, "तुझ्या रेनकोटातून मघापासून काहीतरी वाजतंय."

हेल्मेटच्या आत बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही. निशाने केव्हापासून लावून लावून बोटं दुखवून घेतली होती. इंद्रजीतने हेल्मेट काढलं तसा तिचा आवाज कंटेनरच्या वर ऐकू आला.

"कुठे आहात तुम्ही सगळे? इथे लोक येऊन बसलेत!"

"निशा, रेवा..."

"रेवाचं काय? ती केव्हाच आली. मी थांब्यावर उभी होते. म्हणजे सहज. तोंडाला ओढणी होती, ऊन लागतं म्हणून. बसमधून उतरली, माझ्याकडे बघितलं, 'नमस्कार वहिनी' म्हणाली आणि तरातरा पुढे. मी हाक मारली तर वळलीसुद्धा नाही! कुलूप उघडलं, सतरंजी घातली. तुम्ही आहात कुठे?"

इंद्रजीतने पळस्प्याच्या पाटीकडे पाहिलं. "इथेच," तो म्हणाला. "जवळच."

जवळच असलेल्या त्या ठिकाणाहून निघालेली रिक्षा कंटेनरांच्या रांगेत अशी अडकली, की कामोठ्याला पोचायला अकरा वाजून बराच वेळ उलटला होता. इमारतीच्या जिन्यात फुटलेल्या नारळाचं पाणी सांडलं होतं. वर दाराशी खोबऱ्याचे तुकडे वाटत ठमाबाई उभी होती. ती त्यांच्यानंतर पुढच्या बसने शांतपणे निघाली होती आणि त्यांच्या कितीतरी आधी पोचली होती.

"नारळ फोडला?" सुमतीबाईंनी विचारलं. तो त्यांच्या हस्ते फुटायचा होता.

"रेवाताईंनी फोडला," ठमाबाई म्हणाली. "घड्याळात अकरा झालं, चित्रात नारळ व्हता. पावने बोलले, बाईंना येऊ द्या. त्या बोलल्या, चित्रात बाई नाय."

रेवाताई. सुमतीबाईंनी तो शब्द पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकला.

आत सतरंजीवर नवी मुलं रांगेत बसली होती. रेवा एकाचे हात हातात घेऊन कागदाचे कोपरे जुळवून दाखवत होती, घरी पोळीचे जुळवायची तसेच. कुंदन खळ ढवळत होता. चाहूल लागली तशी रेवा उठून दारात आली. तिने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, घामाने भिजलेल्या दादाकडे पाहिलं.

"मगाशी नमस्कार केला सगळ्यांना," ती म्हणाली. "बाबांना एक, आईला एक, दादाला एक. ठमाबाईंना पण. ओळखीचं माणूस दिसलं तर नमस्कार. पुढे."

चारुदत्तांनी माकडटोपी हळूच खिशात घातली.

"म्हणजे तू आम्हाला ओळखलंस?" इंद्रजीतने विचारलं.

"दादा, रेनकोट माझा आहे," रेवा म्हणाली. "धुऊन दे." मग तिला काहीतरी आठवलं. "गडबड झाली का? कुणाला शोधायला जावं लागलं?"

निशा आतून नवऱ्याकडे रोखून बघत होती.

"लागलं," इंद्रजीत म्हणाला. "पण तुला नाही. आम्हाला."

रेवाने थोडा विचार केला. यासाठी तिच्या कडीत चित्र नव्हतं. मग तिने समाधानाने मान हलवली. सुमतीबाई कौतुकाने एक पाऊल पुढे आल्या, तशी रेवाने खाली बोट दाखवलं. उंबऱ्याशी खडूने ओढलेली ताजी पांढरी रेघ होती.

"वर्ग चालू आहे, आई. पालक बाहेर."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. नवा, अजून रंगाचा वास असलेला. त्यावर ओळीने आया बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर घट्ट धरलेले हात. सुमतीबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या, तशी ठमाबाईने पाटी पायाशी घेतली आणि सरकून जागा करून दिली.

त्या बसल्या. आतून कागदाच्या घड्यांची सळसळ येत होती, मधेच रेवाचा आवाज: "कोपरा. बोटाने दाब. आता पुढे." सुमतीबाई क्षणभर ऐकत राहिल्या. मग मान जराशी लांबवून त्यांनी खिडकीच्या फटीकडे डोळा नेला.

ठमाबाईने त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं.

"डोकवायचा नाय बाई," ती म्हणाली आणि त्यांच्या गार पडलेल्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "खावा. पयला दिवस लांबच वाटतो."